सकाळी पुसायचा फळा

सन्माननीय अध्यक्षा जयवंतीताई राऊत, मुख्याध्यापक स्टॅनी सर, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि निवृत्त होत असलेल्या आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती पुतळाबाई,

सर्वांना नमस्कार. पुतळाबाई, जरा मागे टेकून बसा. अठ्ठावीस वर्षं ह्या सभागृहातल्या खुर्च्या तुम्ही पुसल्यात, आज एकीवर ऐसपैस बसायचा हक्क तुमचाच आहे.

इंग्रजीच्या मास्तराला बोलायला उभं केलंत, तर एखादा शब्द ऐकावाच लागेल. शब्द सोपा आहे, टायडी. मुलांनो, अर्थ काय? नीटनेटका, शाबास. एकतीस वर्षं मीही हेच शिकवलं. आजच्या भाषणासाठी म्हणून मागच्या आठवड्यात जाडजूड शब्दकोश उघडला, तर पंचाईत. टाइड म्हणजे आपल्या वसईकरांना भरती-ओहोटी, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता वेळ. स्टॅनी सर, नाताळच्या दिवसांना युलटाइड म्हणतात, त्यातला टाइड तोच. म्हणून टायडी म्हणजे आधी वेळेवरचं, हंगामात आलेलं. वेळेवरचं ते चांगलं, चांगलं ते नीट, असं करत करत काही शतकांनी तो शब्द झाडूपाशी येऊन पोचला. आमच्या वाडीत वडील म्हणायचे, घड वेळेवर उतरवला तर केळी, नाहीतर खत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण अर्थ कळला होता.

सर विषय सोडून कुठे निघाले, असं वाटतंय ना? विषयावरच येतोय. सांगायला जड जातंय, म्हणून वळसा घातला.

पंधरा वर्षांपूर्वी मी पर्यवेक्षक झालो. नव्याचे नऊ दिवस! शाळा सुटली की वही घेऊन वर्गावर्गांतून फिरायचो. नववी ब चा वर्ग लख्ख, फळा मात्र रोज तसाच भरलेला. पुतळाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "सर, फला मी सकाली पुसते. पानी मारून पुसते, डाग ऱ्हानार नाय." मी म्हटलं, "मग संध्याकाळी का नाही?" त्यावर त्या बाक सरळ करू लागल्या. तीनदा सांगूनही ऐकेनात, तेव्हा मी लेखी मेमो दिला, 'कामात हयगय'. त्यांनी सही केली, बादली उचलली आणि गेल्या. तो कागद त्यांच्या सेवापुस्तकाला लागला.

परवा शिक्षकांच्या खोलीत मी ही टायडीची गोष्ट ऐटीत सांगत होतो. आपल्या गणिताच्या जागृती मॅडम कामण गावच्या, ह्याच शाळेत शिकलेल्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, "सर, मग खऱ्या टायडी पुतळामावशी."

मग त्यांनी सगळं सांगितलं, तेव्हा मला कळलं. कामणची बस शेवटचा तास संपायच्या दहा मिनिटं आधी सुटायची. ती चुकली की पुढची दीड तासाने. म्हणून नववी ब मधल्या कामणच्या चार मुली मागच्या दाराने निसटायच्या आणि सकाळी लवकर येऊन फळ्यावरचं उतरवून घ्यायच्या. पुतळाबाई त्यांच्यासाठी वर्ग आधी उघडायच्या. शेवटचं गणित वहीत उतरलं, की मग ओलं फडकं फिरायचं.

मला खरं सांगितलं असतं, तर मी मुलींना धरलं असतं. धरलंच असतं, माझा तेव्हाचा खाक्या इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. घरी चिठ्ठी गेली असती, एखादीची शाळाही सुटली असती. म्हणून ह्या बाईंनी मेमो घेतला आणि अवाक्षर काढलं नाही. त्या चौघींतली एक आज इथे गणित शिकवते. मला फार लाज वाटली, ती आज इथे बोलून दाखवतो.

जयवंतीताई, तो मेमो रद्द करावा असा माझा अर्ज सकाळीच आपल्या टेबलावर ठेवलाय. उद्या सेवापुस्तक बंद होईल, त्याआधी आपली सही व्हावी. हयगय झाली होती हे खरं, पण ती पर्यवेक्षकाची होती.

कार्यक्रमासाठी राबलेल्या सगळ्यांचे आभार, आणि माझं लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत म्हणून तुमचेही. आता वक्त्याने 'काही चुकलं असल्यास' म्हणायची रीत आहे. ते 'असल्यास' आज माझ्या तोंडून निघत नाही. पुतळाबाई, माझं चुकलं. ह्या भरल्या सभागृहात तुमची माफी मागतो.

आणि मुलांनो, मागच्या फळ्यावर तुम्ही मावशींचं नाव फार सुंदर लिहिलंय. आज त्याला कुणी हात लावू नका. सकाळी पुसू.