सत्तावीस नंबरची हजेरी

रुई-यिन: …आणि ही श्रद्धांजलीची पट्टी मधोमध लागली तर बरं होईल, बाई. फांग सरांच्या फोटोच्या अगदी वर. खासदारांच्या पट्ट्या तिथेच लावतात.

लाय बाई: काय लिहिलंय? वाच बघू.

रुई-यिन: ‘थोर गुरू, अखंड प्रकाश.’ खाली च्वांग साहेबांचं नाव.

लाय बाई: गेल्या महिन्यात मासळीवाला कू वारला. त्याच्या पट्टीवर काय होतं?

ल्याओ सर: मी सांगतो. ‘थोर पिता, अखंड प्रकाश.’ प्रकाश तोच, फक्त गिऱ्हाईक बदललं.

रुई-यिन: सर, छपाई ऑफिसातून होते. मी नुसती पोचवायला…

लाय बाई: तुला नाही बोलत ते. बस. हात रिकामे आहेत ना? हा पिवळा कागद घे. कमळं कमी पडतायत, उद्या सकाळी आमच्या ह्यांच्याबरोबर जाळायची आहेत. टोकाला टोक लावून घडी घाल.

रुई-यिन: मला जमत नाही, बाई.

लाय बाई: चुकलं तर उलगडायचं आणि त्याच कागदावर पुन्हा घालायचं. नवा घ्यायचा नाही.

ल्याओ सर: तिला कमळं काय करायला लावताय, बाई! दार दाखवा दार! आणि ती पट्टी माझ्याकडे द्या. या अंत्यविधीगृहाच्या मुतारीवर लावतो. मधोमध.

लाय बाई: ल्याओ सर, चहा घ्या.

ल्याओ सर: चहा नको मला.

रुई-यिन: तुमचा राग मी समजू शकते, सर.

ल्याओ सर: तू? तू काय समजणार? चारशे दिवस आम्ही ताइपेला सभागृहासमोर फुटपाथवर बसलो. फांग सर बहात्तर वर्षांचे, कमरेला पट्टा आवळून बसायचे. वाढ मागत होतो का आम्ही? पेपर सोडवून झाला, तपासून झाला, निकाल लागला. आता तीस वर्षांनी सरकार म्हणतंय, पास व्हायला साठ नाही, ऐंशी लागत होते! आमचं म्हणणं एवढंच होतं, जे आधीच निवृत्त झालेत त्यांची पेन्शन नव्या नियमाने कापू नका. एक कलम. आणि तुझा साहेब फांग सरांचा हात हातात घेऊन म्हणाला, “सर, माझं मत तुमचं.” मी शेजारी उभा होतो.

रुई-यिन: मतदानाच्या दिवशी साहेबांची तब्येत अचानक…

लाय बाई: तुझा आवाज ओळखीचा वाटतो. फोनवर बोललोय आपण.

रुई-यिन: दिवसाला शंभर फोन येतात, बाई.

लाय बाई: येत असतील. पट्टी झाली. आणखी काय सांगितलंय साहेबांनी?

रुई-यिन: दोन विनंत्या आहेत. उद्याच्या श्रद्धांजलीत साहेबांना तीन मिनिटं बोलू द्यावं. आणि संघर्ष समितीच्या शिक्षकांनी त्या घोषणांच्या पट्ट्या डोक्याला बांधून येऊ नये. वाहिन्यांचे कॅमेरे असतील.

ल्याओ सर: असतीलच! पुढच्या मंगळवारी अख्ख्या पेन्शन विधेयकावर शेवटचं मतदान आहे ना. त्याच्याआधी गुरूच्या शवपेटीशेजारी डोळे पुसताना एक फोटो हवा.

लाय बाई: डोक्याला पट्ट्या नसतील.

ल्याओ सर: बाई!

लाय बाई: आणि अंडीही नसतील. तुमच्या गाडीच्या डिकीत आहेत ती, ल्याओ सर.

ल्याओ सर: ती घरी खायला आणलीत.

लाय बाई: सहा ट्रे?

ल्याओ सर: …व्यायामशिक्षक आहे मी. भूक लागते.

लाय बाई: भाषणाची तीन मिनिटं काही देता येणार नाहीत, रुई-यिन. पण दुसरं सुचवते. उद्या फांग सरांची सातवी तुकडी येणार आहे. त्यांचा शेवटचा वर्ग, तुझ्या साहेबांचाच. वर्गात शिरल्यावर फांग सर पहिलं काय करायचे?

रुई-यिन: हजेरी?

लाय बाई: हो, आणि ती नंबराने. नाव घ्यायचे नाहीत, मान वर करून प्रत्येकाचं तोंड बघायचे. कारण त्या वर्गातला सत्तावीस नंबर मागच्या भिंतीवरून उडी मारून पळायचा आणि अठ्ठावीस नंबर आवाज बदलून त्याच्यासाठी ‘हजर’ म्हणायचा.

रुई-यिन: साहेब सांगतात ही गोष्ट! प्रत्येक प्रचारसभेत. लोक खूप हसतात. सत्तावीस म्हणजे साहेबच.

लाय बाई: तर उद्या ती हजेरी मी घेणार. तुझ्या साहेबांनी खासदारांच्या रांगेत नाही, वर्गाच्या रांगेत उभं राहायचं. सव्वीस आणि अठ्ठावीसच्या मध्ये. स्वतः. माणूस पाठवायचा नाही.

रुई-यिन: बाई, हे तर भाषणापेक्षा कितीतरी चांगलं आहे. कॅमेऱ्याच्या दृष्टीनेसुद्धा… म्हणजे, मला तसं म्हणायचं नव्हतं…

लाय बाई: समजलं मला. कॅमेरे जवळ आणले तरी चालतील.

रुई-यिन: हे बघा, झालं एक.

लाय बाई: एक पाकळी आत अडकलीय. हलक्या हाताने ओढ. हं, आता झालं. आई काय करते तुझी?

रुई-यिन: बालवाडीत शिकवायची. सरकारी. गेल्या वर्षी निवृत्त झाली.

लाय बाई: मग ती काय म्हणते या सगळ्यावर?

रुई-यिन: काही म्हणत नाही. मार्चपासून बोलतच नाही माझ्याशी.

लाय बाई: …सावकाश जा. दाराशी पाणी सांडलंय.

ल्याओ सर: गेली. आता मला सांगा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? कलम एका मताने पडलं. एका! तो हजर असता तर आपण जिंकलो असतो.

लाय बाई: नाही. तो असता तर बरोबरी झाली असती. मग अध्यक्षांचं मत. ते कुठे पडलं असतं, सांगता येत नाही.

ल्याओ सर: त्याची वकिली करताय?

लाय बाई: आकडा बरोबर हवा मला. सूड घ्यायचा तर चुकीच्या आकड्यावर घेऊ नये.

ल्याओ सर: सूड? हा कसला सूड? त्याला फुकटात फोटो देताय तुम्ही!

लाय बाई: बसा. कोणाला सांगितलं नाही ते सांगते. मतदानाच्या दिवशी फांग सर इस्पितळात टीव्हीसमोर होते. नाकात नळी. सभागृहात एकेक नाव पुकारत होते. च्वांगचं नाव आलं. कोणी बोललं नाही. पुन्हा पुकारलं. मग गैरहजर. ठाऊक आहे, फांग सर काय म्हणाले?

ल्याओ सर: शिवी दिली असेल. मी दिली होती, टीव्हीवर चप्पलही मारली होती.

लाय बाई: म्हणाले, “त्याला पहिल्यापासून पोटाचा त्रास. परीक्षेच्या सकाळी हटकून दुखायचं. फोन करून विचार, बरा आहे ना.” मी बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. हीच मुलगी होती फोनवर. मागे ढोल वाजत होते. म्हणाली, “साहेब लिची महोत्सवाची फीत कापतायत, अर्ध्या तासाने करा.”

ल्याओ सर: लिची महोत्सव? आणि आम्हाला सांगितलं, पोटदुखीने आडवा होता! अरे हलकटा…

लाय बाई: आत गेले तर ते दाराकडेच बघत होते. मी म्हणाले, “इस्पितळात आहे तो. सलाइन लावलंय. काळजीचं कारण नाही.”

ल्याओ सर: तुम्ही म्हणालात असं?

लाय बाई: छत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. बेडकाच्या हृदयाचे ठोके पुस्तकात एक आणि बाकावर दुसरेच आले, तर बाकावरचे लिहायला लावले मुलांना. कधी आकडा ढकलला नाही. खोटं बोलले ते एकदाच, आणि तेही त्यांच्याशी. ते हसले. म्हणाले, “बघ, मी म्हटलं नव्हतं? नाहीतर आला असता तो.” अकराव्या दिवशी गेले. माझं तेवढं एक खोटं बरोबर घेऊन गेले.

ल्याओ सर: बाई…

लाय बाई: पेन्शन कापली तर भात कमी शिजवीन. ते जमेल मला. हे नाही जमत. त्या मुलाने मला खोटं बोलायला लावलं.

ल्याओ सर: आणि टीव्हीवरचे लोक आपल्याला फुकटखाऊ, तांदळातले किडे म्हणतात! खरा किडा तो.

लाय बाई: तांदळातला सोंड्या कसा वाढतो, माहीत आहे? मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. किडा दाणा खातखातच मोठा होतो. बाहेर पडेपर्यंत दाणा अखंड दिसतो. ल्याओ सर, आपण किडे नाही. आपण दाणा.

ल्याओ सर: मग उद्या नक्की काय करणार तुम्ही?

लाय बाई: हजेरी घेणार. माईक तुम्ही धरा. हात हलू देऊ नका.

ल्याओ सर: आणि ती अंडी?

लाय बाई: चहात उकडा, दुकानात मिळतात तशी. लोक लांबून येणार आहेत, खातील.

(दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता. अंत्यविधीगृहाचा मोठा हॉल. फांग सरांच्या फोटोसमोर त्यांचा जुना वर्ग रांगेत उभा आहे. कॅमेरे सुरू आहेत.)

च्वांग: बाई, मला अजून खरं वाटत नाही. सर मला वडिलांच्या जागी होते. आज मी जो काही आहे…

लाय बाई: पोट कसं आहे आता?

च्वांग: पोट? हां… हो, बरं आहे. त्या दिवशी मात्र फारच त्रास झाला. उभंसुद्धा राहवेना.

लाय बाई: सलाइन लावलं होतं ना?

च्वांग: हो ना. दोन बाटल्या.

लाय बाई: फांग सरांना मी तेच सांगितलं होतं.

च्वांग: फार बरं केलंत, बाई. सरांचा गैरसमज व्हायला नको होता.

लाय बाई: जा, जागेवर उभा राहा.

रुई-यिन: साहेब, इकडे. कॅमेरा डावीकडे आहे. मान थोडी खाली ठेवा.

अठ्ठावीस नंबर: सरक जरा, सत्तावीस. खासदार झालास म्हणून दोन माणसांची जागा लागते का रे?

च्वांग: कसा आहेस? न्याहारीचं दुकान काय म्हणतंय?

अठ्ठावीस नंबर: चाललंय. सोयाबीनचं दूध विकतो. पाणी घालत नाही, म्हणून अजून एकच दुकान आहे.

ल्याओ सर: शांतता! ए, मागचे! इतकी वर्षं झाली तरी सरळ रांग जमत नाही का तुम्हाला? हं. घ्या, बाई.

लाय बाई: सातवी तुकडी. तुमचे वर्गशिक्षक आज बोलू शकत नाहीत. हजेरी मी घेते. एक.

एक नंबर: हजर, बाई.

लाय बाई: दोन.

दोन नंबर: हजर.

लाय बाई: तीन.

चार नंबर: बाई, ती कॅनडात असते. मी फोन लावून धरलाय, ती ऐकतेय सगळं.

लाय बाई: तिला माझा आशीर्वाद सांग. तीन, गैरहजर. चार.

चार नंबर: हजर.

लाय बाई: पाच…

ल्याओ सर: माईकच्या जवळ या, बाई. पंचवीस नंबर झाले, आता आवाज मागे पोचत नाही.

लाय बाई: सव्वीस.

सव्वीस नंबर: हजर, बाई.

लाय बाई: सत्तावीस.

च्वांग: हजर.

लाय बाई: सत्तावीस.

च्वांग: हजर, बाई!

लाय बाई: सत्तावीस.

च्वांग: बाई, मी… हा काय, तुमच्या समोर उभा आहे.

लाय बाई: सत्तावीस, गैरहजर. सांगितलेलं कारण, पोटदुखी. खरं कारण, लिची महोत्सव. वेळ, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. (फांग सरांच्या फोटोकडे वळून) अहो, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. तेवढं दुरुस्त करून घ्या.

च्वांग: रुई-यिन! कॅमेरे बंद करायला सांग. आणि हे त्यांना सांगितलं कोणी?

रुई-यिन: तो फोन मीच उचलला होता, साहेब.

च्वांग: अरे अठ्ठावीस, तू तरी बोल काहीतरी. बोल ना.

लाय बाई: अठ्ठावीस.

अठ्ठावीस नंबर: हजर, बाई. माझ्यापुरता.