तिलिलाच्या बाजूचा कुसकुस

(समुद्रकाठचं मिरलेफ्त गाव, शुक्रवारची दुपार. गच्चीवर तिलिला लॅपटॉपपुढे बसलेली. तिचे वडील हम्मू जिन्यात उभे.)

हम्मू : शेवटचं सांगतोय, कुसकुस वाढलाय. खाली ये.

तिलिला : हळू बोल ना बाबा. मीटिंग चालूय, तिकडं ऐकू जातं.

हम्मू : जाऊ दे की. कासाब्लांकाला कळू दे, इथं माणसं जेवतात.

तिलिला : थांब, आवाज बंद करते. हं. पाच मिनिटं दे.

हम्मू : गेल्या शुक्रवारीही पाचच होती. एकाच परातीत मी माझ्या पुढ्यातलं खाल्लं, तुझ्या बाजूचा ढीग तसाच. शेवटी मांजरीनं खाल्ला. आज रव्याला तीन वाफा दिल्यात मी. तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदा गोळे झाले नाहीत.

तिलिला : मी काय इथं मजा मारतेय?

हम्मू : तेच विचारतोय. सुट्टीला आलेय म्हणालीस.

तिलिला : तसं नाही रे. काम इथून करायचं, उरलेल्या वेळात सुट्टी.

हम्मू : मग, उरला का?

तिलिला : कुठला. उलट वाढलंय. मॅडम म्हणतात, ‘समुद्रकाठी बसलीयस, एवढं करून टाक.’ बाकीचे टोमणे मारतात. मग मीच जास्त करते, कुणी बोट दाखवायला नको.

हम्मू : समुद्र बघितलास तरी?

तिलिला : माझ्या मागंच आहे की. सगळ्यांना दिसतो.

हम्मू : त्यांना दिसतो. तुझी पाठ आहे त्याच्याकडं. आणि शेजारच्या रक्कूशला मी सांगितलंय, तुला ताप आलाय.

तिलिला : म्हणून ती रोज काढा पाठवते होय? कडू जहर. मी मुकाट पितेय.

हम्मू : मग काय सांगू तिला? लेक घरी आलीय, पण बापाबरोबर एकदा जेवली नाही? त्यापेक्षा ताप बरा, त्यात लाज नाही.

तिलिला : बाबा, असं नको ना बोलू.

हम्मू : उद्या तुझी बस. मला वाईट वाटतंय, म्हणून बोलतो. मासे धरून आलो की तुझी आई मला जाळं उंबऱ्याच्या आत आणू द्यायची नाही. म्हणायची, तू ये, जाळं बाहेर ठेव. तू मेली जाळंच घेऊन आलीस, अन् स्वतः यायची राहिलीस.

तिलिला : ...मॅडम, येतोय का आवाज? मी जेवायला जातेय. नाही, पाच मिनिटांत नाही होणार. शुक्रवार आहे, बाबांनी कुसकुस केलाय. समुद्र? छान असेल. मी अजून बघितला नाही.

हम्मू : चिडली का गं ती?

तिलिला : चिडली असेल. उद्या बघू. चल खाली. (खाली येऊन) अरे देवा, बाबा, माझ्या बाजूला मांजरीनं तोंड घातलंय.

हम्मू : घालणारच. तिला ठाऊक झालंय, ती बाजू कुणाची नसते.

तिलिला : आता मी काय खाऊ?

हम्मू : माझ्या बाजूनं खा.

तिलिला : दुसऱ्याच्या पुढ्यात हात घालायचा नाही, तूच शिकवलंस.

हम्मू : ते परक्यांसाठी. बस इकडं माझ्याजवळ. दारातून समुद्र दिसतो.