तात्यानं माझी नोंद केली

हट्टी म्हातारा बघायचा असेल तर पणदऱ्याला आमच्या घरी या. तात्या, म्हणजे माझा आजा.

कॉलेज सोडून घरी बसलो, तसा दुधासाठी पाळलेल्या मेंढ्यांचा हिशेब मी कॉम्प्युटरवर घेतला. वय, दूध आणि खाणं भरलं की जनावर ठेवायचं का विकायचं, ते तो सांगतो. चंद्री ही म्हातारी मेंढी स्क्रीनवर लाल झाली. ‘विका.’ व्यापाऱ्याचा टेम्पो दारात आला आणि तात्या फाटकात आडवा उभा राहिला.

“तात्या, आटलीय ती. फुकट खातीय. म्हातारचळ पुरे आता.”

“व्हय? मग त्यात अजून एक नाव भर. तुझं.”

व्यापारी फिदीफिदी हसायला लागला. मीपण इरेला पेटलो, भरलं.

“वय तेवीस. दूध?” मी विचारलं.

“न्हाय.”

“खाणं?”

“तीन टायमाला. वर च्या.”

स्क्रीन लाल झाली. तात्या व्यापाऱ्याकडं वळला, “बोला, आधी कुणाला चढवू?”

टेम्पो रिकामाच गेला. कॉम्प्युटरवर आम्ही दोघं अजून लालच आहोत. रोज सकाळी चंद्रीपुढं चारा टाकून झाला की म्हातारा मला हाक मारतो, “ऊठ रं, भाकरी खा.”