रूनाचं दावं

मी मूळची इचलकरंजीची. वडील दुसऱ्याच्या मागावर कामाला, घरात आम्ही दोघी बहिणी, मी थोरली आणि शोभा धाकटी, आणि पहिल्यापासूनच सांगायचं तर मी जळकुकडी, हे मी लपवत नाही, तुम्ही खुशाल लिहून घ्या. आई शोभाची वेणी घालायला बसली की माझ्या पोटात दुखायचं, सोंग नाही, खरंच दुखायचं, आई मला ओवा चावायला द्यायची आणि परत शोभाच्या केसांत कंगवा घालायची. वयानं स्वभाव निवळतो म्हणतात, माझा काही निवळला नाही. जनावरांशी संबंध म्हणाल तर सुट्टीत आत्याकडं जायचो तेवढाच, तिच्या गोठ्यात म्हशी होत्या. आत्या म्हैस विकायची पण दावं द्यायची नाही. गिऱ्हाइकानं आपलं दावं आणायचं, म्हशीला बांधायचं, मग आत्या स्वतःचं सोडून घ्यायची, कारण दावं गेलं की त्याच्या मागनं गोठ्याची लक्ष्मी जाते म्हणायची. एकजण रिकाम्या हातानं आला तर त्याला तिनं दावं आणायला बाजारात पिटाळलं होतं. हे ध्यानात ठेवा, पुढं सगळा घोटाळा याच्यावरनंच झालाय.

लग्न झालं, आमचे हे टूलरूमचे, कंपनीनं यांना दोन वर्षांसाठी म्हणून जर्मनीत इंगोलश्टाटला पाठवलं आणि काय सांगू तुम्हाला, त्या दोन वर्षांत पोराची शाळा संपून तो नोकरीलासुद्धा लागला. मी मराठीत विचारते जेवलास का, तो म्हणतो जा, जा, म्हणजे जर्मनमधलं हो, हो, आणि खोलीत जातो. यांचा दिवस कारखान्यात, मी तिसऱ्या मजल्यावर, खाली बघितलं तर गाड्या, समोर बघितलं तर गाड्या. मग शेजारणीनं सांगितलं की गावाबाहेर एक होफ आहे, म्हणजे शेतघरच, घोड्यांचं, तिथल्या मालकिणीला सकाळी लीद उचलायला माणूस पाहिजे. बी.कॉम. झालेली बाई मी, आईला कळलं असतं तर तिनं पदरात तोंड लपवलं असतं, पण म्हणलं घरात बसून लोकांच्या बाल्कन्या बघून जळण्यापेक्षा बरं. मालकिणीचं नाव फ्राउ ब्रांडल. तिनं मला एकच विचारलं, पावसात येशील का. म्हणलं येईन.

तिच्याकडं सगळे फ्योर्ड घोडे, नॉर्वेकडचे, इथं त्यांना नॉर्वेगरच म्हणतात. बुटके, जाड मानेचे, भाजलेल्या रव्याच्या रंगाचे, पाठीवरनं शेपटीपर्यंत एक काळी रेघ. आणि आयाळ तर बघत राहावी अशी, दोन्ही बाजूंनी पांढरी आणि मधे काळी, ती उभी कातरायची आणि पांढरं जरा आखूड ठेवायचं, म्हणजे मधली काळी कड वर उठून दिसते. ते कातरायला मी शिकले, कोणावर शिकले तर रूनावर. रूना एकोणीस वर्षांची घोडी, शिंगरं झालेली, कितीएक पोरांना पाठीवर घेऊन फिरलेली, आता थंडीत गुडघे धरायचे तिचे. तिचा खरारा मी करायची, खूर मी साफ करायची, आणि हे घोडे नुसत्या वाऱ्यावर लठ्ठ होतात, जास्त गवत खाल्लं की खूर दुखतात, म्हणून तिच्या तोंडाला जाळी बांधायची तीही मीच. तिच्याशी मराठीत बोलायची, घरात बोलायला कोण होतं. होफवरच्या दुसऱ्या एका पोरीनं तिला नुसतं थोपटलं तरी मला खपायचं नाही, मी काहीतरी काम काढून मधे जाऊन उभी राहायची.

आल्झो, म्हणजे आपलं 'तर', फ्राउ ब्रांडलचं वय झालं, कंबर धरली, तिनं ठरवलं आता नवी शिंगरं नकोत, आणि जे म्हातारे घोडे आहेत ते आपण हिंडतोय फिरतोय तोवर एकेक करून चांगल्या घरी द्यायचे. पैसा बघायची नाही, घर बघायची. एकटाच घोडा ठेवणार असाल तर फोनवरच नको म्हणायची, नॉर्वेगर एकटा झुरतो. आणि तिची एक रीत होती. गिऱ्हाइकानं तीनदा यायचं. पहिल्यांदा लीद उचलायची, दुसऱ्यांदा खरारा करायचा आणि तिसऱ्यांदा काहीच करायचं नाही, नुसतं कुरणात बसायचं आणि घोडं काय करतं ते बघायचं. एवढं सगळं जमलं तर न्यायच्या दिवशी, ज्यानं त्या घोड्याची लीद उचलली त्यानं आपल्या हातानं त्याचं दावं नव्या माणसाच्या हातात द्यायचं. त्यानं दावं आपल्याकडंच ठेवलं तर व्यवहार मोडला, कारण विचारायचं नाही. रूनाची लीद उचलणारी मी.

मी यांना म्हणलं अहो, आपणच घेऊ तिला. हे म्हणाले, अगं, आपण स्वतः भाड्याच्या घरात, तिला काय लिफ्टनं वर आणणार आहेस. म्हणजे झालं. मग मी काय केलं, प्रत्येक स्थळात खोट काढली. एक माणूस आला त्याला बागेतलं गवत खाऊन टाकायला घोडी पाहिजे होती, त्याला फ्राउ ब्रांडलनंच घालवला, तो सोडा. पण एक नवराबायको आले, दोन गोड पोरं, त्यांच्याकडं आधीच एक नॉर्वेगर, म्हणलं पोरं फार मोठ्यानं हसतात. एक शाळेतली बाई आली, म्हणलं हिचे हात गार आहेत. फ्राउ ब्रांडल म्हणाली सुनंदा, तू घोडीला घर बघतेयस की मुलीला नवरा बघतेयस. म्हणलं आमच्यात मुलीला एवढं बघत नाहीत.

आणि मग केतकी आली. केतकी म्हणजे माझी धाकटी जाऊ, पुण्याची, इथनं तासाभरावर उंटरश्लाइसहाइमला राहते, सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. घर स्वतःचं, मागं बाग, जर्मन अशी बोलते की ऑफिसातला साहेब खुर्चीतनं उठतो. सासूबाई मला फोन करतात ते केतकी बरी आहे का विचारायला. गेल्या वर्षी कामाचा ताण होऊन तिची झोपच उडाली, डॉक्टरनं तिला कितीतरी महिने घरी बसवलं, आणि तुम्ही हसाल, मला त्याचासुद्धा हेवा वाटला, म्हणलं आम्हाला कधी थकायचीसुद्धा रजा मिळाली नाही. तर तिच्या घराजवळ एक तबेला, तिथं दोन म्हातारे नॉर्वेगर, ती त्यांना रोज फिरवायला जायला लागली आणि तिला बरं वाटायला लागलं. तिथली माणसं म्हणाली आमच्याकडं आणखी एका घोड्याची जागा आहे, शिकवू आम्ही तुला. आणि फॅमिली ग्रुपवर रूनाचा फोटो मीच टाकलेला, मिरवायला. केतकीचा फोन आला, ताई, मी बघायला येऊ का. झालं, आयत्या बिळावर नागोबा.

पहिल्या खेपेला मी तिला लिदीची सगळ्यात मोठी ढकलगाडी दिली, जिचं चाक अडकतं ती. चिखलात पडली, उठली, परत भरली. दुसऱ्या खेपेला रूनाला पोटाखाली ब्रश लावलेला खपत नाही हे मी सांगितलं नाही. रूनानं पाय आपटला. केतकी मागं सरली, थांबली, मग ब्रश ठेवून नुसत्या हातानं सुरुवात केली, तेही खांद्यापासनं. मी म्हणलं तिसऱ्या खेपेला बघू, नुसतं बसायचं म्हणजे हिला कुठं जमतंय, ही फोन काढणार.

फोन काढला नाही. गवतात मांडी घालून बसली, हात मांडीवर, कुठं बघतेय तेही कळेना. मी आणि फ्राउ ब्रांडल कुंपणाशी. रूना लांब होती. आली हळूहळू, चरत चरत, मग चरायची थांबली, केतकीच्या डोक्यावर मान धरून उभी राहिली, खालचा ओठ लोंबायला लागला, डोळे मिटले. झोपली हो ती उभ्या उभ्या. आणि खाली केतकीचेही डोळे मिटलेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्याकडं रूना रोज यायची, हाक मारली की यायची, पण आली की पहिल्यांदा माझा खिसा हुंगायची, आणि माझ्या हातात कायम काहीतरी असायचं, गाजर नाहीतर ब्रश नाहीतर जाळी. माझ्याजवळ ती कधी अशी झोपली नाही, कधी म्हणजे कधीच नाही. फ्राउ ब्रांडलनं माझ्याकडं बघितलं. खोट काढायला मी तोंड उघडलं, पण तिनंही डोळ्यांनी बघितलेलं, काय सांगणार. म्हणलं गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, हेच घर. घरी येऊन यांच्यावर चिडले, चहात साखर नाही म्हणून, चहा मीच केलेला.

न्यायचा दिवस आला. मी केतकीला आधी सांगून ठेवलं होतं की येताना आपलं दावं आण, आमच्या आत्याचं डोक्यात, त्यात म्हातारीची रीत पार विसरले. म्हणलं घोडी चालली ती चालली, दावं तरी माझ्याकडं राहू दे. ती बिचारी नवीन लाल दावं घेऊन आली, तिला वाटलं इथली पद्धत असेल. ट्रेलर लावलेला, भाऊजी बाजूला उभे. केतकीनं रूनाच्या म्होरकीला लाल दावं अडकवलं, मी माझं काढलं आणि हाताला गुंडाळून घेतलं. मला वाटलं झालं. तर फ्राउ ब्रांडल पुढं आली, लाल दावं सोडलं, केतकीच्या हातात परत दिलं, ट्रेलरची फळी वर उचलून लावली आणि म्हणाली घोडी राहतेय.

मला कळायला एक क्षण गेला. मी दावं परत घेतलं म्हणजे मी नाही म्हणाले. आणि हेही कळलं की आता मी फक्त गप्प राहायचंय, बाकी काही करायचं नाही, रूना माझी राहते. खोटं बोलायचं नाही, भांडायचं नाही, कारण विचारायची तर रीतच नाही. सांगते तुम्हाला, मला आनंद झाला, एवढा आनंद मला पोराच्या निकालाला झाला नव्हता. केतकी जवळ आली. म्हणाली ताई, माझं काही चुकलं असेल तर सांगा, पण तुम्हाला द्यायची नसेल तर राहू दे, तुमचीच आहे ती. मी गप्प. भाऊजी बुटांकडं बघत होते.

रूना मोकळीच होती, कोणाच्याच हातात नव्हती. ती आधी माझ्याकडं आली. खिसा हुंगला, गाजर घेतलं, कडकड खाल्लं, परत हुंगला, संपलं म्हणल्यावर वळली, अंगण ओलांडून केतकीपाशी गेली आणि तिथं ओठ लोंबवून उभी राहिली. आणि केतकीनं तिला हात लावला नाही. लावला असता तर मी अजून गप्प राहिले असते. तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले, दुसऱ्याच्या वस्तूला हात लागू नये म्हणून आपण घेतो तसे. ते मला बघवेना. मी गेले, हाताचं दावं सोडलं, म्होरकीला अडकवलं आणि टोक केतकीच्या पुढं धरलं. म्हणलं धर. आमच्या आत्यानं हे कुणाला दिलं नसतं.

फ्राउ ब्रांडल म्हणाली हा काय प्रकार. आत्या, म्हैस, दावं, लक्ष्मी, एवढं सगळं सांगायला माझं जर्मन पुरेना. मी मराठीत केतकीला सांगितलं आणि तिनं म्हातारीला सांगितलं, अस्खलित, हातवारे करून, आणि म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं केतकीचे हात धरले. आत्या माझी, गोष्ट माझी, घोडी माझी, आणि हात धरले हिचे. बघा म्हणजे, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

आता बरी आहे रूना. केतकीही बरी आहे, झोपते म्हणे, कामावर जायला लागली. लाल दावं ती मला देऊन गेली, ते मी दाराच्या मागं अडकवलंय. मी जाते कधी कधी गाडीनं. रूना लांबनं ओळखते, येते, खिसा हुंगते, गाजर खाते आणि जाते तिच्याकडं.

इकडं होफवर ओलाफ आलाय. हा इथलाच घोडा, दुसऱ्या घरी दिलेला, पण त्या घरचे आजोबा वारले म्हणून परत आला. चावतो, कुणाला जवळ येऊ देत नाही. त्याची लीद मी उचलते. काम झालं की मी गाजरं बाहेर ठेवते, ब्रश ठेवते, कुरणात बादली पालथी घालून तिच्यावर बसते, हात मांडीवर. केतकीला जमलं ते मला का जमू नये. अजून आला नाही, पण परवा चरता चरता मान वर करून बघितलं त्यानं. देवा, रूनाला उदंड आयुष्य दे, केतकीला शांत झोप दे, मी काही कुणाचं वाईट चिंतत नाही. आणि मला कळतंय, ओलाफ माणसाळला की त्यालाही घर बघायचं आहे, त्याचंही दावं मलाच द्यायचंय कुणाच्या तरी हातात. देईन की. पण आधी एकदा माझ्याजवळ येऊन झोपू दे त्याला.