ढग पळवणाऱ्या चक्क्या

— आवं पावनं, तसं न्हवं! पाऊस म्या आनला असं मी कवाच म्हनलो न्हाई. गाव म्हनतंय. तुमी पेपरवाले, गाव म्हनतंय त्ये लिवा. मी आपला आटपाडीकडचा साधा मेंढरं राखनारा मानूस — भाऊसो. डाळिंबं बी हायती थोडी. आन माळावरच्या पवनचक्क्या म्याच बंद पाडल्या, हे मातूर खरं. गेटाला कुलूप माझं, किल्ली हितं करगोट्याला. दावू?... ऱ्हाऊ द्या मग.

का पाडल्या? पाऊस न्हवता म्हनून! जून गेला, जुलै गेला — ढग यायचं, पात्यांपतूर यायचं आन निगून जायाचं, जनू पात्यांनी फटकारून हाकललं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तेच निघालं — पाऊस असा का फिरला? अंबूबाई म्हनली, म्हसवडच्या सिद्धनाथाचा नवस कुनी फेडला न्हाई. दादासो म्हनला, द्राक्षवाले रॉकेट सोडून ढग फोडत्यात. मी म्हनलो, चक्क्या! टाळ्या पडल्या की. तेवढ्यात माझीच लेक उठली — क्रांती. शिराळ्याला दिलीया, तितं हायस्कुलात विज्ञान शिकवती, माहेरपनाला आलीवती. म्हनली, "आबा, चक्की केवढी, ढग किती उंच! साऱ्या जगानं कोळसा न् डिझेल जाळून हवा तापवलीय, म्हणून पाऊस येड्यागत वागतोय. चक्कीला तर धूरबी नाही." — सगळ्या गावापुढं! बापाला! माझ्याबी तोंडातनं गेलं — "दिल्या घरच्या पोरीला हितल्या सभेत बोलायचा हक्क न्हाई. खाली बस." लोक हसलं. लय हसलं. ती बसली न्हाई. पिशवी उचलली आन दुपारच्या यष्टीनं गेली. आईनं बांधलेली भाकरी चुलीपाशीच ऱ्हायली.

लागलं असंल की तिला. मला काय न्हाई लागलं? ... जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी शंभर मानसं घिऊन माळावर गेलो, चक्क्या थांबवल्या. आन नवव्या दिवशी — पावनं, असला पाऊस, असला पाऊस — वढ्याला पूर, माझ्याच दोन मेंढ्या गेल्या वाहून! तरी लोकांनी गुलाल उधळला, मला खांद्यावर घेतलं. मी वल्ल्या अंगानं तसाच क्रांतीला फोन लावला — म्हनलं, आता बोल! ती म्हनली, "आबा, शिराळ्यात आठ दिवस धार तुटली नाही. आमच्या डोंगरावरच्या चक्क्या चालूच आहेत." आन ठेवला.

तिचं खरं हाय, हे मला ठावं हुतं की. — न्हाई म्हंजे, तसं न्हवं... आता सुटलंच हाय तोंडातनं तर ऐका. कंपनीनं माळ मोजला तवा चक्कीचा खांब माझ्या रानात येनार हुता, भाडं मिळनार हुतं. मग म्हनं तितं वारं कमी भरतंय — आन गेला चुलतभावाच्या, ज्ञानूच्या रानात! माझ्या रानात वारं कमी? हितं धोतर सांभाळता येत न्हाई गड्या! त्या रागानं एकदा पारावर बसून म्हनलो — ही चक्की ढग पळवती. नुसतं म्हनलो! दुसऱ्या दिवशी पोस्टमन तेच मला सांगाया आला, जनू त्यानंच शोध लावलाय. आठवड्यानं शाळेतली पोरं म्हनाया लागली. मग काय, मलाच खरं वाटाया लागलं. येवढी मानसं खोटं कशाला बोलत्याल?

तर तुमी असं छापा — सभेत क्रांती बोलली त्येच खरं. नाव मोठ्या अक्षरात घाला तिचं. शिराळ्यात जातो न्हवं तुमचा पेपर? ... कोन म्हनलं म्हनून काय लिवायचं? 'एक जानकार शेतकरी' म्हना. माझं नाव? आवं, खुळं का काय तुमी, गाव सोलून काढंल मला! चला, उटा आता. मानसं याया लागली, सत्कार हाय माझा. — फोटू? थांबा की जरा. फेटा तर बांदू द्या.