शिशीवरच्या मुंग्या

शहरातल्या सदर भागातल्या एका दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर उमरेडची एक सासू शेजारच्या बाईशी बोलत होती. सून आत डॉक्टरीणबाईंकडे गेली होती.

"कितवा महिना वं सुनेले?"

"तिसरा. पण मोरीत आतापासूनच मुंग्या येऊन राहिल्या."

"मोरीत काहून?"

"ती लघवीले जाऊन आली का मागं रांग लागते. मोठ्या सुनेच्या वेळेसही लागे. म्या म्हटलं, लक्ष्मी आली. रोज चिमूटभर साखर टाकत जाय मी त्याईले."

"मग?"

"पोट्टा झाला. दहा पौंडाचा, गोरापान. रडलाच नाही."

"अवं माय! हे सांगितलं का इथं?"

"काहून सांगू? कार्डावर रोग लिहून घेऊ का? आज तपासाले तिची लघवी आणली, तर एस.टी.तच मुंग्या चढल्या पिशवीतल्या शिशीले. म्या नळावर सांडली अन् माझी भरून देल्ली."

तेवढ्यात सून हसत बाहेर आली.

"आत्याबाई, तपासणीत साखर नाही निघाली! बाई म्हणे, साखर आता सातव्या महिन्यातच तपासू."

"पाहा, म्या म्हटलं नव्हतं? चाल वं जया. पिशवी झटकून घे आधी, मुंग्या लागल्या."