बाबांनी धरलेल्या चार जागा

आमचे बाबा म्हणजे काय सांगू! कराडहून आमच्याकडे परदेशात आलेत, पण इथे गॉलवे शहराच्या रिकाम्या बसमध्येसुद्धा सीटवर रुमाल टाकून जागा धरतात.

परवा सुट्टीत त्यांना ग्रीसला नेलं. कोर्फू बेटावरचं जुनं, किल्ल्याचं बंदर बघायला फेरीबोटीने जायचं होतं. धक्क्यावर पोचतोय तोच बाबा गर्दीत गायब. पाच मिनिटांत फोन.

"चार जागा धरल्यात, खिडकीच्या. या लवकर!"

"अहो बाबा, आपली फेरीबोट अजून लागायचीय!"

बघतो तर शेजारच्या बोटीतून बाबा हात हलवतायत. तेवढ्यात तिचा भोंगा वाजला.

"उतरा, उतरा! ती दुसऱ्याच बेटाला चाललीय!"

बोट सुटता सुटता बाबा धापा टाकत खाली आले.

"आणि रुमाल?"

"राहू देत तिथेच. परतीला तीच बोट मिळाली तर?"